मास्तरांचं खरं वजन

मित्रांनो, माझ्यावर उभं राहताना माणसं श्वास रोखून धरतात. चपला काढतात, पोट आत घेतात, कोणी तर खिशातला रुमालसुद्धा बाजूला काढून ठेवतं. जणू रुमालाने मोठाच फरक पडणार आहे! मी एक जुना वजनकाटा आहे, दांडीचा. चमकणारे आकडे माझ्याकडे नाहीत. खाली पाय ठेवायला लोखंडी पाट, मागे उंच खांब आणि खांबाच्या डोक्यावर आडवी दांडी. दांडीवर एक छोटं वजन सरकवत न्यायचं आणि दांडी मधोमध तरंगली की तिथला आकडा वाचायचा. एवढंच माझं यंत्र आणि एवढीच माझी विद्या.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. ज्या म्हाताऱ्या फिटरने मला जुळवलं, तो शेवटी स्वतःच माझ्यावर उभा राहिला. उतरला, चहा पिऊन आला आणि पुन्हा उभा राहिला. या वेळी आकडा चहाएवढा पुढे सरकलेला पाहून त्याला कोण आनंद झाला! त्याने माझ्या खांबावर थाप मारली आणि मला गाडीत चढवलं.

पहिली काही वर्षं मी एका शाळेत काढली. तिथे वर्षातून एकदा मुलांची रांग लागायची. दोघं दोघं एकदम चढायची, एकमेकांना ढकलायची, वजन वाढलं की दंड फुगवून दाखवायची. मला वाटायचं, वजन म्हणजे हसण्याचीच गोष्ट. पुढे शाळेने मला एका रुग्णालयाला दिलं आणि तिथल्या रेडिएशन विभागाच्या पॅसेजमध्ये माझी नेमणूक झाली. तिथे मला कळलं, की काही माणसांचं वजन नुसतं जिथल्या तिथे राहिलं, तरी त्यांच्या घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

पॅसेज लांबलचक होता. भिंतींना खांद्यापर्यंत हिरवा रंग. टोकाला एक जाडजूड दार आणि दारावर लाल दिवा. दिवा लागला की समजायचं, आत कोणीतरी एकटं टेबलावर निजलं आहे आणि मशीन त्याच्याभोवती फिरतं आहे. माझ्या समोरच एक लांब बाक होता. त्या बाकावर बसणाऱ्या पुष्कळांचे उपचार दुहेरी असत. आठवड्याचे पाच दिवस रेडिएशन, ज्याला बाकावर सगळे 'शेक' म्हणत, आणि त्याच्या जोडीला दर सोमवारी केमोची बाटली. सोमवारी आधी माझ्यावर वजन, मग रक्ताची तपासणी आणि मग केमो, असा शिरस्ता होता.

डॉक्टर सगळं नीट समजावून सांगत. पण डॉक्टरांनी स्वतः शेक घेतलेला नव्हता ना! म्हणून उरलेलं ज्ञान बाकावर मिळायचं. "मळमळायची वाट बघू नका, गोळी आधीच घ्या." "कोमट पाण्यात मीठ-सोडा घालून गुळण्या करत राहा, कंटाळा करू नका." "स्टीलचा चमचा ठेवा बाजूला, लाकडी घ्या. तोंडात लोखंडाची चव येते ना, ती जरा कमी होते." कालपर्यंत अनोळखी असलेली माणसं एकमेकांची जीभ बघायची, मानेवरची काळवंडलेली कातडी बघायची आणि "माझी यापेक्षा वाईट होती, आता बघा" असं म्हणून धीर द्यायची.

अशाच एका सोमवारी मास्तर आले. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिलाईचे. गोल गरगरीत अंग, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांच्या घशात गाठ होती. बरोबर त्यांची थोरली बहीण होती. मास्तर त्यांना ताई म्हणत, म्हणून पाहता पाहता त्या सगळ्या पॅसेजच्या ताई झाल्या. ताईंनी सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली होती, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. भावाला कुठली गोळी लागू पडली, त्याचं पोट साफ झालं की नाही, हे लाल दिव्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जायचं.

"ताई, जरा हळू," मास्तर कानकोंडे होऊन म्हणायचे.

"का रे धाकट्या? चोरी केलीय का आपण?"

मास्तरांना माणूस दिसला की आधी माप दिसायचं. डॉक्टर पहिल्यांदा भेटले, तेव्हा मास्तर आजाराबद्दल काही न विचारता म्हणाले, "साहेब, कोट कोणी शिवलाय? डावा खांदा उतरलाय त्याचा." शेक घेऊन ज्यांच्या मानेची आग होई, त्यांना शर्टाची कॉलर काट्यासारखी टोचायची. मास्तरांनी पिशवीतून कात्री आणि सुई-दोरा काढला आणि आठवडाभरात बाकावरच्या साऱ्या पुरुषांच्या कॉलरी उतरवून टाकल्या. त्यांच्या मापाने सगळा पॅसेज सुटसुटीत झाला.

पहिले दोन आठवडे ते माझ्यावर ऐटीत चढायचे. तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड आले. पाण्याचा घोटसुद्धा काचा गिळल्यासारखा उतरू लागला. ताई मऊ भात आणायच्या, दूध आणायच्या, सूप आणायच्या. मास्तर दोन चमचे घ्यायचे आणि मान फिरवायचे. माझ्या दांडीवरचं वजन सिस्टरना डावीकडे, आणखी डावीकडे सरकवावं लागलं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मास्तर, पुढच्या सोमवारी वजन आणखी उतरलं, तर नाकातून नळी घालू. अन्न थेट पोटात जाईल. घसा बरा होईपर्यंतच."

ज्या वस्तादाकडे मास्तर शिलाई शिकले, त्यालाही असाच आजार बळावल्यावर नाकातून नळी घातली होती आणि वस्ताद घरी परतलाच नव्हता. मास्तरांच्या मनात एकच गाठ पक्की बसली होती. नळी आली, म्हणजे खेळ आटोपला.

पुढच्या सोमवारी ते जाकीट घालून आले.

"जाकीट काढा हो," सिस्टर म्हणाल्या.

"राहू द्या ना, सिस्टर. केमोपासून हुडहुडी भरते. मागच्या वेळीही सदरा जाडच होता."

सिस्टरना दया आली. त्यांनी वजन सरकवलं. आकडा तोच आला, मागच्या सोमवारचा. ताईंनी टाळी वाजवली. "बघितलंत? टिकलं! माझं सूप लागू पडलं!" त्या बाहेर धावल्या, डझनभर केळी घेऊन आल्या आणि बाकावरच्या प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवलं. ज्यांना गिळता येत नव्हतं, त्यांनाही दिलं.

मला मात्र मास्तर उभे राहताक्षणी कळलं होतं. मित्रांनो, जिवंत माणसाचं वजन माझ्या पाटावर कधी निश्चल नसतं. श्वासाबरोबर ते किंचित हलतं, दांडीचं टोक थरथरत राहतं. मास्तरांच्या वजनातला एक भाग मुळीच हलत नव्हता. ते लोखंड होतं. कापड कापताना ते सरकू नये म्हणून शिंपी त्यावर लोखंडाचे चपटे तुकडे ठेवतात. मास्तरांनी जाकिटाचं अस्तर उसवून आत लहान लहान खिसे शिवले होते आणि त्यात ते तुकडे घातले होते. शिवण इतकी सफाईदार, की शंका घ्यायला जागा नव्हती. मी काय करणार? मला आकडा दाखवता येतो, तो कशाचा आहे हे सांगता येत नाही.

त्याच्या पुढच्या सोमवारी लोखंड आणखी वाढलं. मास्तरांचे गाल आत गेले होते आणि ताई आनंदात होत्या. आनंदात असलेल्या माणसाला गाल दिसत नाहीत.

पण शेकाच्या मशीनला फसवणं सोपं नव्हतं. घशाचा किंवा तोंडाचा शेक घेणाऱ्यांसाठी जाळीचा एक मुखवटा बनवतात. तो चेहऱ्यावर घट्ट बसवून टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं हलत नाही. त्याच सकाळी मशीनवरच्या मॅडम बाहेर आल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "मास्तरांचा मुखवटा सैल झालाय. आत माझी बोटं जातायत. चेहरा एवढा उतरलाय आणि वजन जसंच्या तसं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "जुना काटा आहे. बिघडला असणार."

मला बोलता आलं असतं तर! सिस्टरनी माझ्या खांबावर कागद चिकटवला, 'नादुरुस्त'. इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर कोणी असं लिहिलं नव्हतं. आणि प्रकरण माझ्यापुरतं राहिलं नाही. केमोच्या औषधाचं प्रमाण वजनावरून ठरतं. काटाच खोटा ठरला, म्हटल्यावर सकाळपासून घेतलेली सगळी वजनं रद्द झाली. प्रत्येकाने शेजारच्या इमारतीत जाऊन पुन्हा वजन करून यायचं, तोवर केमो बंद, असा हुकूम निघाला.

बाकावर कुरकुर सुरू झाली. गाण्याच्या बाई मात्र निमूटपणे उठल्या. त्या मुलांना गाणं शिकवत. त्यांना पोटाचा शेक चालू होता. बसायला त्या घरून उशी आणत आणि घटकेघटकेला त्यांना बाथरूमकडे धावावं लागे. शेजारच्या इमारतीपर्यंतचं अंतर त्यांच्यासाठी गावाला जाण्याइतकं होतं. भिंतीला हात टेकत त्या म्हणाल्या, "चला, आज जरा वरच्या पट्टीत गायचं म्हणायचं." आणि पहिल्याच वळणावर पोट धरून थांबल्या.

मास्तर ते बघत होते. त्यांच्या शेजारी ड्रायव्हरकाका बसले होते. काकांनी जन्मभर बस चालवली होती. त्यांच्या नाकात नळी होती, कानामागे चिकटपट्टीने चिकटवलेली. आवाज घोगरा, पण बोलण्याची हौस दांडगी.

"मास्तर," काका हलकेच म्हणाले, "जाकिटात काय आहे?"

"कुठे काय?"

"अहो, गाडी भरलेली आहे की रिकामी, हे मला सीटवर बसल्या बसल्या कळतं. तुम्ही टेकता तेव्हा बाक भरल्या गाडीसारखा दबतो. आणि माणूस तर अर्धा झालाय. मग बाकीचे प्रवासी कुठे बसलेत?"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. जाकीट अंगाशी आवळत ते म्हणाले, "काका, एक विचारू? नळी आली म्हणजे संपलं ना हो सगळं?"

"संपलं असतं, तर तुमच्याशी कोण बोलतंय? माझं भूत?" काका हसले आणि खोकले. "ऐका. खोटं नाही सांगणार. घालताना वाईट वाटतं. डोळ्यांतून पाणी येतं, ओकारी येते. मग दोन दिवस घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. पण त्यानंतर पहिल्यांदा पोटभर अन्न गेलं ना, तेव्हा मला भरदुपारी अशी गाढ झोप लागली, की बायकोने नाकापुढे बोट धरून पाहिलं. आहे ना अजून, म्हणून!" त्यांनी नळीचं टोक हातात धरलं. "बसला कुठे तोंड असतं, मास्तर? टाकीत पडलं की धावते. मुक्कामापर्यंत तशीच न्यायची. मुक्कामावर बघू तोंडाचं."

मास्तर उठले. त्यांना नीट उभंही राहवत नव्हतं. पण तुटक आवाजात ते ओरडले, "बाई, थांबा! जाऊ नका. काटा चांगला आहे. खोटा मी आहे."

आणि भर पॅसेजमध्ये त्यांनी जाकीट काढलं, पिशवीतल्या कात्रीने अस्तर उसवलं आणि लोखंडाचा एकेक तुकडा बाकावर ठेवला. ठण्, ठण् आवाज होत राहिला. नेमक्या त्याच वेळी गरम पाणी आणायला गेलेल्या ताई बाटली घेऊन परत आल्या.

"हे काय आहे रे, धाकट्या?"

मास्तरांनी शेवटचा तुकडा बाकावर ठेवला.

"मला फसवलंस? मला? आणि मी मूर्ख केळी वाटत सुटले!"

"तुला नव्हतं गं फसवायचं," मास्तर म्हणाले. शब्दाशब्दाला त्यांना आवंढा गिळावा लागत होता. "नळीची भीती वाटली. आणि... वजन टिकलं म्हटल्यावर तू किती हसलीस. माझ्यासाठी घर सोडून आलीस, रोज उभी असतेस. तुला द्यायला तेवढंच होतं माझ्याकडे."

ताईंनी बाटली खाली ठेवली. "मला हसू नकोय, वेड्या," त्या म्हणाल्या. "मला तू हवायस." मग त्यांनी पदराने नाक पुसलं, भावाच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि त्याला माझ्यावर उभं केलं. सिस्टर वजन सरकवू लागल्या. ते डावीकडे गेलं, आणखी डावीकडे गेलं. जिथे थांबलं, तो आकडा कोणी मोठ्याने वाचला नाही. माझ्या पाटावर आता फक्त मास्तर होते आणि दांडीचं टोक त्यांच्या श्वासाबरोबर थरथरत होतं.

सिस्टरनी 'नादुरुस्त'चा कागद काढून चुरगळला. गाण्याच्या बाई बाकावर येऊन बसल्या आणि त्यांनी आपली उशी मास्तरांना देऊ केली. रागवायचा हक्क सगळ्यात जास्त त्यांचा होता. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, बेसूर झालं होतं खरं. पण समेवर आलात."

डॉक्टर मात्र रागावले आणि रागवायलाच हवं होतं. "औषध मोजून देतो आम्ही! अंगात पाणी नाही, वजन नाही आणि तुम्ही औषध जास्तीचं घेताय!" मास्तरांचं रक्त तपासलं, तर मूत्रपिंडं दमलेली निघाली. त्यांना दाखल करून सलाइन लावलं. त्या आठवड्याचा केमो चुकला. नवा मुखवटा बनवला. आणि नळी घातली.

मूत्रपिंडं सावरतात की नाही, या काळजीत ताईंनी ते दिवस काढले. सावरली. मास्तर पुन्हा बाकावर आले, तेव्हा काकांनी त्यांना नळीतून जेवायला शिकवलं. ताईंच्या हातात मोठी सिरिंज आणि सिरिंजमध्ये पातळ सूप. सवयीने त्या म्हणून गेल्या, "एक घास चिऊचा..."

"ताई, चिऊला बाहेरच ठेवा," काका म्हणाले, "नळी तुंबेल!"

मास्तरांना हसण्याने कळा आल्या, तरी ते हसले. त्यानंतर माझ्या दांडीवरचं वजन डावीकडे सरकायचं थांबलं आणि मग हळूहळू, मुंगीच्या पावलाने, उजवीकडे परतू लागलं. रिकामं बसवेना म्हणून मास्तरांनी नळी खांद्यापाशी धरून ठेवणाऱ्या मऊ कापडी पट्ट्या शिवायला घेतल्या. काकांची खाकी, बटणासकट. काकांनी ती युनिफॉर्मसारखी मिरवली.

उपचार संपले, बाकावरची माणसं बदलली. काकांची नळी आधी निघाली, मास्तरांची काही आठवड्यांनी. दोघं तपासणीला येत राहिले. गाण्याच्या बाईंचा आजार मात्र वर्षभराने उलटला आणि बाई गेल्या. ही बातमी ताईंनी पॅसेजमध्ये अगदी हळू आवाजात सांगितली. त्यांना हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे माझ्या जागी चमकत्या आकड्यांचा नवा काटा आला. तो हुशार आहे, माझी तक्रार नाही. मला बाकाच्या टोकाला, एका मोडक्या स्ट्रेचरमागे सरकवलं. येणारे-जाणारे माझ्या दांडीला छत्र्या अडकवू लागले, पिशव्या लटकवू लागले. सांध्यांत धूळ बसली, दांडी जड झाली. ज्या दांडीपुढे माणसं देवाचं नाव घेत, तिच्यावर आता ओले रेनकोट वाळत होते.

परवाचीच गोष्ट. मास्तर ताईंबरोबर तपासणीला आले होते. आवाज थोडा बसकाच राहिला आहे, लाळ कमी सुटते म्हणून पाण्याची बाटली सतत हातात असते, पण पोट पुन्हा गोल झालं आहे. बाकावर एक रंगारी एकटाच बसला होता. पहिलाच दिवस होता त्याचा. बोटांना अजून भिंतीचा रंग होता. लाल दिव्याकडे बघत त्याने कोणालाच न विचारल्यासारखं विचारलं, "दुखतं का हो?"

ताई पटकन म्हणाल्या, "छे! काही नाही हो..."

मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "दुखतं," ते म्हणाले. "आज नाही, उद्या नाही. पण पुढे दुखतं. कुठे दुखतं, कधी दुखतं आणि काय केलं की कमी होतं, ते सगळं सांगतो. सरका जरा."

रंगारी सरकला. मास्तर त्याच्याजवळ बसले. दारावरचा दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला, तरी दोघांचं बोलणं चाललंच होतं. रंगाऱ्याचा आवळलेला खांदा हळूहळू खाली आलेला मी पाहिला.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी आजारी असेल, तर दारातून "बरं आहे ना?" असं विचारून जाऊ नका. त्या प्रश्नाला माणसं 'हो' म्हणतात, कारण तुम्हाला तेच ऐकायचं असतं. जवळ बसा. 'नाही' म्हणायला त्यांना सवड द्या. आणि कुठल्या पॅसेजच्या कोपऱ्यात माझ्यासारखा जुना काटा दिसला, तर त्याच्या दांडीवरचा रेनकोट उचला, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा. खरं सांगायची इच्छा आम्हाला असते. कोणीतरी अंगावरचं ओझं काढून घ्यावं लागतं, एवढंच.